छपराला मात्र नवा

आमच्या घरांत काही टाकून द्यायची पद्धतच नव्हती. लुगडं विरलं की गोधडी, गोधडी विरली की फडकी, फडकी झिजली की चुलीपुढचं पोतेरं. सुतळीचा वीतभर तुकडासुद्धा गाठ मारून गुंडीला जोडला जाई. आलेल्या पत्राचं पाकीट उसवून आतल्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहिला जाई. छत्री मोडली की काड्यांचे आम्हा पोरांच्या धनुष्याला बाण होत आणि कापडाची पिशवी. असल्या घरात खिळा कोण टाकतो? भात घरचं, नारळ घरचे, काथ्या घरी वळलेला, वासे परसातले. खिळा तेवढा रोख पैसे मोजून आणलेला. त्यामुळे उपसलेला खिळा, वाकलेला खिळा, डोकं उडालेला खिळा, आंब्याच्या फुटक्या पेटीतून निघालेला खिळा, सगळे जात डालड्याच्या पिवळ्या डब्यात.

आणि तरीही याच घरांत, याच काटकसरी माणसांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असे : "भिंतीला जुना चालेल, खुराड्याला जुना चालेल, छपराला मात्र नवा."

श्रीवर्धन असो, हर्णै असो, गुहागर असो की मालवण, समुद्राच्या अंगाला कौलाखाली वाढलेल्या आमच्या पिढीनं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं आहे. कुणी आजोबांकडून, कुणी काकांकडून, कुणी छपरावर बसून खाली हात पसरणाऱ्या सुतारकाकांकडून.

डबा पडवीत असे, कोयता-कुदळीच्या शेजारी. त्यात खिळे असत, चुका असत, एखादी कडी, दोन बिजागऱ्या, कुठल्या तरी पेटीची किल्ली आणि हमखास एक खोटा पैसा. मे महिन्याच्या सुट्टीत हा डबा पोरांच्या हाती येई. काम एकच, खिळे सरळ करायचे. सपाट दगड घ्यायचा, खिळ्याचं कुबड वर करून ठेवायचं आणि हलक्या हातोडीनं खिळा फिरवत फिरवत ठोकायचं. पहिला घाव खिळ्यावर, दुसरा घाव खिळ्यावर, तिसरा अंगठ्यावर. अंगठा तोंडात घालून पुढचा खिळा. मग करवंट्यांत वाटणी. एका करवंटीत इंची, दुसरीत दीड इंची, तिसरीत दोन इंची, चौथीत ज्यांचं काही खरं नाही असे. मजुरी म्हणून लिमलेटची गोळी. करवंटीभर खिळ्यांना एक गोळी हा भाव कित्येक वर्षांत बदलला नाही.

या सरळ केलेल्या खिळ्यांवर आमचं अर्धं घर टांगलेलं असे. कंदिलाचा खिळा, पंचांगाचा खिळा, आजोबांच्या टोपीचा खिळा, इरल्याचा खिळा, देवघरातल्या तसबिरींचे खिळे. 1973 साली 'कालनिर्णय' निघालं आणि त्यालाही आधीच्या कॅलेंडराचाच खिळा मिळाला. कोंबड्यांचं खुराडं, गोठ्यातली गव्हाण, न्हाणीघराचं झापांचं दार, सगळीकडे डब्यातला माल. कुणाला काही मारायचं असलं की आजी आतूनच विचारी, "किती इंची रे?" आणि न बघता डब्यात हात घालून बरोबर तेवढाच खिळा काढून देई.

छपराची पाळी आली की मात्र डबा बाजूला सरके.

त्याचं एक कारण आजोबा सांगत ते साधं होतं. वाकून सरळ केलेल्या खिळ्याच्या कमरेत दोष राहतो. दिसायला सरळ, पण एकदा वाकलेल्या जागी तो पुन्हा वाकणार, नाहीतर तुटणार. शिवाय वाकताना त्याच्यावरचा जस्ताचा मुलामा तडकलेला असतो. खाऱ्या वाऱ्याला तेवढी फट पुरते. भिंतीवरचा खिळा गंजला तर कॅलेंडर पडेल. रिपेवरचा गंजला तर ते कळायलाच वादळ यावं लागतं.

दुसरं कारण सुतारकाका सांगत आणि ते आम्हाला फार उशिरा उमगलं. छपराचा भार खिळ्यावर नसतोच. कौल रिपेवर बसतं, रीप वाशावर, वासा आढ्यावर आणि भिंतीवर. सगळं आपापल्या वजनानं खाली दाबलेलं. वर्षाचे बहुतेक दिवस खिळ्याला काही कामच नसतं. त्याचं काम निघतं ते मृगाच्या तोंडावर वारा सुटतो तेव्हा. पाख्यावरून वेगानं जाणारा वारा छपराला वर ओढतो आणि उघड्या पडवीतून शिरलेला वारा खालून उचलतो. तेव्हा अख्खं छप्पर उठू बघतं आणि त्याला धरून ठेवतो तो लाकडात रुतलेला खिळा. तोही दिसतो तेवढा नव्हे, खालच्या लाकडात जेवढा शिरलाय तेवढाच. म्हणून सुतारकाका खिळा निवडताना छपराकडे बघत नसत, वाऱ्याच्या दिशेकडे बघत. पश्चिमेच्या पाख्याला, वळचणीला, आढ्याजवळ आणि कोपऱ्यांना ते हात सैल सोडत, मधल्या भागात हिशेबानं मारत. वाऱ्याची ओढ कडांना नि कोपऱ्यांना सर्वांत जास्त असते, हे त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. उडालेली छपरं बघून ते शिकले होते.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या यादीत मीठ, मिरची, कांदे, सुकी मासळी, रॉकेल यांच्या खाली कुठे तरी 'खिळे' असे. खरेदी अक्षय्य तृतीयेच्या आसपास. शनिवार सोडून. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही म्हणजे नाही, मग सुतार दारात उभा का असेना. मुंबईचे चाकरमानी काका मे महिन्यात येत तेव्हा काही घरांत खिळे त्यांच्याच ट्रंकेतून येत. नागदेवी स्ट्रीटवर भाव बरा पडतो म्हणून पाच किलो खिळे बोटीनं, पुढे एसटीनं कोकणात आलेले आहेत. काकूंच्या साड्यांना त्या ट्रंकेत गंजाचे डाग पडले, त्यावरून झालेलं भांडण काही घरांत अजून मिटलेलं नाही.

तालुक्याच्या बाजारातलं दुकान मात्र बघण्यासारखं होतं. तोंडं उघडी टाकलेली पोती, त्यांत आकारावारी खिळे, पत्र्याचा डाव आणि तराजू. मापं आधी शेराची होती, 1958 नंतर हळूहळू किलोची झाली, पण म्हातारी माणसं पुढे किती तरी वर्षं शेरच मागत. खिळे वर्तमानपत्राच्या पुड्यात बांधून मिळत आणि घरी येईपर्यंत पुड्यातून त्यांची टोकं बाहेर आलेली असत.

"तीन किलो खिळे द्या," असं म्हटलं तर दुकानदार हलत नसे.

"काका, कशाला मारायचे?"

"रिपांना."

"रीप केवढी?"

"दोन बाय एक."

"वासा कसला?"

"फणसाचा. कोनवासे तेवढे ऐनाचे."

"मग तीन इंची, दहा गेज. आणि ऐनाला भोक पाडल्याशिवाय मारू नका."

आज दुकानात खिळे पाकिटात मिळतात, आणि पाकीट काही विचारत नाही. त्या काळी निम्मी निवड त्या प्रश्नांतच होऊन जाई.

गेजचं गणित आम्हा पोरांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. आकडा मोठा तसा खिळा बारीक. आठ गेज म्हणजे चार मिलिमीटर जाड, बारा गेज म्हणजे अडीच मिलिमीटरच्या थोडा वर. "शाळेत बारा मोठे आणि इथे आठ मोठे कसे?" असं विचारलं की सुतारकाका म्हणत, "शाळेत छप्पर कुणी बांधलंय?"

लांबीचा नियम मात्र सोपा होता आणि तो पाठ होता : वरच्या लाकडाच्या जाडीच्या अडीच ते तीन पट खिळा. एक इंच जाड रीप असेल तर तीन इंची. एक भाग वर, दोन भाग आत. त्याहून आखूड घेतला तर वारा उपसून काढणार, उगाच लांब घेतला तर वासा फोडणार.

किती घ्यायचे त्याचाही हिशेब होता. रीप जिथे जिथे वाशाला ओलांडते तिथे एक खिळा. एका पाख्याला वीस वासे आणि चौदा रिपा असतील तर दोनशे ऐंशी गाठी, दोन पाख्यांना पाचशे साठ. तीन इंची दहा गेजचे खिळे किलोत साधारण दोनशे बसतात. म्हणजे तीन किलोला थोडे कमी, वर वाकण्या-सांडण्याला अर्धा किलो. कडेच्या रिपांना दोन-दोन मारायचे तर आणखी अर्धा. आजोबा हा हिशेब पंचांगाच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं करत आणि तो चुकत नसे.

मंगलोरी कौल येण्याआधी एवढे खिळे लागतच नव्हते, असं आजोबांचे वडील सांगत. तेव्हा गावच्या कुंभाराची नळीची कौलं होती आणि त्याहीआधी पेंढा नि झापं. पेंढ्याच्या छपराला बांबूच्या कामट्या आणि काथ्या. खिळ्याचा संबंधच नाही. मोठ्या वाड्यांच्या तुळया-खांब एकमेकांत सांध्यानं बसवलेले आणि त्यांत लाकडी मेख ठोकलेली. कुठे लोखंड लागलंच तर लोहारानं घडवलेला चौकोनी खिळा. बासेल मिशननं 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, पुढे तशी कौलं गलबतांतून किनाऱ्याला उतरू लागली आणि छपराची तऱ्हा बदलली. ही कौलं साच्यातली, सगळी एका मापाची. त्यांना रिपाही एका अंतरावर हव्यात, साधारण साडेबारा-तेरा इंचांवर. रीप बोटभर सरकली की कौल नीट अडकत नाही. म्हणजे रीप पक्की हवी, म्हणजे खिळा हवा. सुतारकाका अंतराची एक पट्टी तोडून घेत आणि प्रत्येक रिपेला ती लावून बघत. काम संपेपर्यंत त्या पट्टीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

आणि गंमत अशी की ज्या कौलासाठी एवढे खिळे, त्या कौलाला स्वतःला खिळा नाही! ते आपल्या मागच्या नाकावर रिपेला अडकून बसतं. वळचणीच्या ओळीला, वारा लागणाऱ्या कडेला तेवढी नाकातल्या भोकातून तार ओवून बांधत. बाकी कौलं मोकळी, म्हणून तर एखादं फुटलं की खालून काठीनं सरकवून बदलता येई. वानरांनाही ही सोय ठाऊक होती, त्याचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला.

अशी प्रत्येक गोष्टीला आपली मात्रा होती. वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडाला : पाच ते सहा इंची, जाड, आणि एक नव्हे तर दोन, एक उजवीकडून तिरका, एक डावीकडून तिरका, म्हणजे ओढला तरी दोघे मिळून धरतात. रीप वाशाला : तीन इंची, दहा गेज. पोफळीच्या चिपा असतील तर अडीच इंची, जरा बारीक, कारण पोफळ उभी चिरते. तक्तपोशीच्या फळीला : दोन इंची, डोकं आत बुडवून. वाशांच्या तोंडावरच्या फळीला : अडीच इंची आणि तो जस्ताचा, कारण ती फळी चार महिने भिजते. पन्हळीच्या आधाराला : छोटा पण जाड. आणि पत्र्याला वेगळाच, त्याची गोष्ट पुढे.

नुसता योग्य खिळा आणून भागत नसे, तो मारायचीही रीत होती. फणस, आंबा यांत खिळा सरळ जातो. जुना साग, ऐन, खैर यांत वाकतो. तिथे आधी गिरमिटानं खिळ्याहून बारीक भोक पाडायचं. मग खिळा साबणाच्या वडीत खुपसून घ्यायचा. न्हाणीतल्या पिवळ्या साबणाला दरवर्षी मे महिन्यात अशी भोकं पडत आणि आजी विचारी, "हा साबण कुणी गोंदवलाय?" रिपेच्या टोकाजवळ मारायचा असेल तर खिळ्याचं टोक आधी दगडावर ठोकून बोथट करायचं. अणकुचीदार टोक लाकडाचे तंतू फाकवून चीर पाडतं, बोथट टोक तंतू चेपत, तोडत आत शिरतं. एका रेषेत दोन खिळे नाहीत, तिथेही चीर पडते. जुन्या भोकात नवा खिळा नाही. जुनं भोक सैल झालेलं असतं, बोटभर बाजूला सरकायचं. आणि ओल्या लाकडात नाही, लाकूड वाळलं की खिळ्याची पकड सुटते.

सुतारकाका तोंडात चार-पाच खिळे धरून आढ्यावर बसत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता. बोलायचंच झालं तर खुणेनं. एक बोट म्हणजे रीप, दोन बोटं म्हणजे खिळे, मूठ म्हणजे चहा. मूठ सर्वांत जास्त वेळा दिसे.

मग पत्रा आला. आधी गोठ्यावर, मग पडवीवर, मग मागच्या बाजूला न्हाणीवर, आणि एक दिवस अख्ख्या घरावर. वर चढून कौलं बदलणारी माणसं गावात उरली नाहीत तेव्हा पत्र्याला पर्याय राहिला नाही. पत्र्याबरोबर छत्रीचा खिळा आला. डोक्यावर रुंद टोपी, अंगाला जस्त, खाली डांबरी वायसर. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, म्हणून किनाऱ्यावर साध्या काळ्या खिळ्यानं पत्रा मारणं म्हणजे दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा शिडी काढणं. साधा खिळा गंजला की त्याच्याभोवतीचा पत्राही गंजू लागतो, आधी तांबडं कडं, मग भोक.

या खिळ्याचीही रीत होती. पत्र्याच्या माथ्यावर मारायचा, नाळीत नाही. नाळीतून पाणी वाहतं, तिथे भोक पाडलं तर खाली भांडं ठेवायचं आलंच. माथ्यावर मारायचा तर पत्र्याची उंची धरून खिळा लांब हवा. पाऊण इंच पत्र्याच्या उंचीत जातो, उरलेला लाकडात, म्हणून अडीच इंची. शेजारच्या पत्र्यावर दीड पन्हळ चढवायची, खालच्या पत्र्यावर सहा इंच. आणि शेवटचा घाव जपून. वायसर बसला की हात थांबवायचा. अंगात जोर आहे म्हणून ठोकत राहिलं तर माथा चेपतो, तिथे पाणी साचतं.

विकतचे वायसर संपले तरी घर अडत नसे. सायकलच्या फाटक्या ट्यूबचे गोल तुकडे कापून वायसर होत. सोड्याच्या बाटल्यांची बुचं चेपून खिळ्याखाली टोपी म्हणून बसत. कित्येक न्हाणीघरांची छपरं लिंबू सोडा आणि ऑरेंजच्या बुचांनी सजलेली होती. आजीला ते पसंत होतं. "बूचही वाया गेलं नाही नि भोकही बुजलं," म्हणे ती. पण तिथेही खिळा नवाच. बूच जुनं चाले, ट्यूब जुनी चाले, खिळा नाही.

सिमेंटच्या पत्र्यानं तर खिळ्यालाच रजा दिली. त्याला ठोकायचं नसतंच, ठोकला की तडा. भोक पाडून वाकडा आकडा घालायचा, वर वायसर, वर चाकी, आणि तीही अगदी आवळायची नाही, पत्र्याला उन्हा-थंडीत हलायला जागा ठेवायची. त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक, हे तेव्हा आळीत कुणाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. तेव्हा असे जुने पत्रे अजून डोक्यावर असतील तर ते घरच्या घरी फोडू नका, कापू नका, कोरडे घासू नका. जाणत्या माणसाच्या हातूनच उतरवा.

काम संपलं की पोरांना शेवटची कामगिरी. अंगणात सांडलेले खिळे वेचायचे. मोडक्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक सुतळीला बांधून अंगणभर फिरवायचं. मातीतून उड्या मारत खिळे चिकटत, त्यांच्याबरोबर लोखंडाचा कीसही. कुणाच्या पायात खिळा गेलाच तर आजी हळद दाबे आणि आजोबा त्याला धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखान्यात नेत. हळदीवर कुणाचा राग नव्हता, पण इंजेक्शन चुकवू देत नसत. वेचलेले खिळे पुन्हा डालड्याच्या डब्यात. डबा कधी रिकामा झाल्याचं कुणाला आठवत नाही.

3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा मृग लागायला अवघे काही दिवस होते. टाळेबंदीनं दुकानं बंद, एसट्या बंद, चाकरमानी मुंबईत अडकलेले. आगोटीची कामं घरोघर तशीच राहिलेली. त्या दुपारी आमच्याकडच्या वाड्यांतल्या पोफळी आडव्या झाल्या, माड मोडले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. वादळ शांत झाल्यावर गावभर पडलेले पत्रे उचलताना जाणत्यांनी आधी भोकं बघितली. काही पत्र्यांची भोकं लांबट फाटलेली होती. तिथे खिळ्यानं लाकूड सोडलं नव्हतं, पत्राच टोपीखालून सुटला होता. वायसर झिजलेला किंवा नव्हताच. काही पत्र्यांना अख्खे खिळेच लटकत होते, गंजून सुईएवढे झालेले, लाकडातून अलगद निघून आलेले. आणि काही पत्रे जागच्या जागी होते. त्यांच्या कडांना दोन-दोन खिळे होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हाही तेच दिसलं.

आता सुतारकाकांच्या नातवाकडे बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. तो पत्र्याला खिळा मारत नाही. स्वतःच भोक पाडत शिरणारा स्क्रू लावतो, खाली रबराचा वायसर. स्क्रूचे आटे लाकडाला नि लोखंडी पाइपला धरतात, त्यामुळे वाऱ्याला तो खिळ्याइतकी दाद देत नाही. हे मान्य करायला आमच्या पिढीला जड जातं, पण खरं आहे. गिरमिट गेलं, साबणाची भोकं गेली, मूठ दाखवून चहा मागणं तेवढं राहिलं. कौलांखालच्या रिपांना मात्र अजून खिळाच लागतो, आणि त्याचे नियम आजोबांच्या वेळचेच आहेत.

ज्यांच्या डोक्यावर गावच्या घराचं कौल वा पत्रा अजून आहे, त्यांना एवढंच सांगायचं. होळीनंतर एकदा गावी जा. माळ्यावर चढून दिवसाउजेडी रिपा-वाशांच्या गाठी बघा. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं असेल, पिचलं असेल तर तो खिळा संपला असं समजा. पत्र्याच्या टोप्यांखालचे वायसर बघा. वळचण, आढं आणि पश्चिमेचे कोपरे आधी. दुकानात गेलात की कशाला मारायचाय, वरचं लाकूड किती जाड, खालचं कुठल्या झाडाचं, हे दुकानदारानं विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. किनाऱ्यावर असाल तर जस्ताचा किंवा स्टेनलेसचा घ्या. स्वतः वर चढू नका, माहीतगार माणसाला चढवा आणि खाली उभं राहून हिशेब विचारा. लाकूड, पत्रा, कौलं, मजुरी या सगळ्यात खिळ्यांचा खर्च सर्वांत कमी असतो. तिथे हात आखडू नका.